सूर्याची खबर देणारी सेवा: बिल्ला पाहावा की आलेख वाचावा?

अमेरिकेची नोआ ही संस्था समुद्राचा आणि वातावरणाचा अभ्यास करते हे बहुतेकांना ठाऊक असते. पण तिच्याच हवामान सेवेचा एक विभाग सूर्यावर रात्रंदिवस नजर ठेवून असतो, हे तितकेसे ठाऊक नसते. कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथील ‘स्पेस वेदर प्रेडिक्शन सेंटर’ हा तो विभाग. सौरज्वाला, सौरवारा (सूर्याकडून सतत वाहणारा भारित कणांचा प्रवाह) आणि भूचुंबकीय वादळे यांची ताजी मोजमापे, तसेच पुढील काही दिवसांचे अंदाज हे केंद्र आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य देते; ते पाहण्यासाठी नाव नोंदवावे लागत नाही आणि जाहिरातीही सोसाव्या लागत नाहीत. लघुतरंग रेडिओ ऐकण्याचा छंद आणि छोट्या दुर्बिणीला सौर फिल्टर लावून डाग मोजण्याची सवय, या दोन कारणांनी मी ही सेवा गेली काही वर्षे जवळजवळ रोज वापरते. त्यातले पहिले वर्षभर मी ती चुकीच्या बाजूने वाचत होते, असे आता वाटते, आणि हे परीक्षण लिहिण्याचे तेच मुख्य कारण आहे.

मुखपृष्ठ उघडताच सर्वांत वर तीन चौकोनी बिल्ले दिसतात. ‘आर’ म्हणजे सौरज्वालेमुळे रेडिओ संदेशवहनात येणारा खंड, ‘एस’ म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या वेगवान प्रोटॉनांचा मारा, आणि ‘जी’ म्हणजे भूचुंबकीय वादळ. प्रत्येकाच्या पुढे १ ते ५ असा अंक येतो. काहीच घडत नसेल तर बिल्ले हिरवे राहतात. ही मोजपट्टी १९९९ पासून वापरात आहे आणि तिची व्याख्या काटेकोर आहे. उदाहरणार्थ, क्ष-किरणांचा झोत एम१ या पातळीला पोहोचला की आर१, एक्स१ ला आर३ आणि एक्स१० ला आर४ असे बिल्ले आपोआप लागतात; पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ ० ते ९ मध्ये मोजणारा केपी निर्देशांक ५ झाला की जी१, ९ झाला की जी५. नवख्या माणसाला एका नजरेत परिस्थिती कळावी हा हेतू त्यातून निश्चितच साध्य होतो. मीही बराच काळ फक्त तेवढेच पाहून पान मिटत असे.

या बिल्ल्याची मर्यादा मात्र दोन्ही टोकांना उघडी पडते. वरच्या टोकाला पाहावे तर केपी निर्देशांक ९ च्या पुढे जातच नाही, त्यामुळे जी५ या एकाच खणात फार वेगवेगळ्या ताकदीची वादळे कोंबली जातात. मार्च १९८९ मध्ये ज्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवली आणि साठ लाख लोकांना अंधारात बसवले, त्याचा डीएसटी निर्देशांक, म्हणजे विषुववृत्ताजवळच्या चुंबकीय क्षेत्रात वादळाने झालेली घट दाखवणारा आकडा, उणे ५८९ नॅनोटेस्लापर्यंत उतरला होता. मे २०२४ च्या वादळात तो उणे ४०० च्या आसपास होता. दोन्हींचा बिल्ला एकच. खालच्या टोकाला पाहावे तर फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पेसएक्सने सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ४० च्या आसपास उपग्रह कक्षेत चढू शकले नाहीत, कारण ते अवघ्या २१० किलोमीटरच्या आसपास असताना वादळामुळे वरचे वातावरण तापून फुगले आणि त्याचा अडथळा वाढला. ते वादळ या मोजपट्टीवर ‘किरकोळ’ या वर्गात बसणारे होते. बिल्ला खोटे बोलत नाही, पण एका आकड्यात पृथ्वीभरची स्थिती बसवायची म्हटले की जे काही गळून पडते, ते कधीकधी नेमके आपल्या कामाचे असते.

म्हणून या सेवेचा खरा ऐवज मुखपृष्ठावर नाही. तो सौरवाऱ्याच्या थेट आलेखाच्या पानावर आहे, आणि माझ्या मते संपूर्ण संकेतस्थळावरचे सर्वोत्तम पान तेच. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर एल१ नावाचा बिंदू आहे. तिथे ठेवलेले उपग्रह सौरवाऱ्याचा वेग, घनता, तापमान आणि त्याने सोबत वाहून आणलेले चुंबकीय क्षेत्र मोजून मिनिटामिनिटाला खाली पाठवतात. वाऱ्याच्या वेगानुसार ही खबर आपल्याला प्रत्यक्ष धडकेच्या सुमारे १५ मिनिटे ते एक तास आधी मिळते. पानावर एकाखाली एक आलेख असतात. शांत दिवशी वेग सेकंदाला ४०० किलोमीटरच्या आसपास आणि घनता घनसेंटिमीटरला पाचेक कण असते. सगळ्यांत वरच्या आलेखातली लाल रेघ म्हणजे बीझेड, अर्थात चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक. ती शून्याच्या वर असली, म्हणजे क्षेत्र उत्तरेकडे वळलेले असले, तर वारा कितीही जोरात असो, पृथ्वीचे चुंबकीय कवच बऱ्यापैकी मिटलेले राहते. ती शून्याखाली गेली की वाऱ्याचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राला जोडले जाते आणि ऊर्जा आत शिरू लागते. वादळ होणार की नुसताच धुरळा उडणार, हे शेवटी ही एक रेघ ठरवते.

१० मे २०२४ चा अनुभव सांगितल्याशिवाय या पानाचे मोल कळणार नाही. त्या आठवड्यात १३६६४ क्रमांकाचा डागांचा गट पृथ्वीच्या रोखाने एकामागून एक द्रव्यलोट (सूर्यावरून सुटणारे चुंबकित वायूचे प्रचंड ढग) फेकत होता आणि केंद्राने जी४ वादळाची आगाऊ सूचना काढली होती. जानेवारी २००५ नंतर तशी सूचना प्रथमच निघत होती. जागतिक प्रमाणवेळेनुसार दुपारी साडेचारच्या सुमारास मी आलेखासमोर बसले होते. वेगाची रेघ, जी दिवसभर आळसावलेली होती, ती एका उभ्या फटकाऱ्यात सेकंदाला ७०० किलोमीटरच्या दिशेने उडाली. त्याच क्षणी घनतेचाही खांब उभा राहिला. बीझेड आधी वर-खाली हिंदकळली आणि मग बुडाली ती बुडालीच. मधूनमधून वर डोके काढीत ती पुढे उणे ४० नॅनोटेस्लाच्याही खाली गेली. मुखपृष्ठावरचा जी५ चा बिल्ला त्यानंतर बऱ्याच तासांनी, प्रमाणवेळेनुसार रात्री १० वाजून ५४ मिनिटांनी लागला. ऑक्टोबर २००३ नंतरचा तो पहिलाच जी५. ज्यांनी बिल्ल्याची वाट पाहिली त्यांना वादळाची बातमी मिळाली, ज्यांनी आलेख पाहिला त्यांना वादळ येताना दिसले. केपी हा तीन तासांच्या खिडकीवर बेतलेला निर्देशांक असल्यामुळे हा उशीर त्याच्या रचनेतच आहे, त्याबद्दल केंद्राला दोष देता येणार नाही.

दुसरे मोलाचे पान दिसायला अगदी रूक्ष आहे. ‘फोरकास्ट डिस्कशन’ या नावाने दिवसातून दोनदा, प्रमाणवेळेनुसार ००:३० आणि १२:३० वाजता, एक साधा मजकूर प्रसिद्ध होतो. त्यात चित्र नाही, रंग नाही. सौर क्रियाशीलता, ऊर्जावान कण, सौरवारा आणि पृथ्वीभोवतीचे चुंबकीय क्षेत्र या चार शीर्षकांखाली गेल्या चोवीस तासांचा आढावा आणि पुढच्या तीन दिवसांचा अंदाज असतो. हा मजकूर कर्तव्यावर असलेल्या माणसाने लिहिलेला असतो आणि ते जाणवते. कोणता डागगट वाढतो आहे, कोणत्या गटात ‘डेल्टा’ रचना आली आहे, म्हणजे विरुद्ध ध्रुवतेचे डाग एकाच उपच्छायेत (डागाभोवतीच्या फिकट भागात) अडकले आहेत आणि म्हणून मोठ्या ज्वालेचा संभव वाढला आहे, एखादा द्रव्यलोट पृथ्वीला चाटून जाईल की अजिबात लागणार नाही, याबद्दलची शंका-कुशंका त्यात मोकळेपणाने मांडलेली असते. ज्या दिवशी खात्री नसते त्या दिवशी खात्री नसल्याचे वाक्य असते. भाषा तोकडी आणि परिभाषेने गच्च भरलेली आहे, आणि संज्ञांचे स्पष्टीकरण त्या पानावर कुठेच नाही. सुरुवातीचे दोन महिने मला शेजारी वही घेऊन बसावे लागले. पण एकदा सराव झाला की सकाळचा चहा संपेपर्यंत सूर्याचा चोवीस तासांचा हिशेब वाचून होतो.

क्ष-किरणांचा आलेख रेडिओवाल्यांसाठी आहे. भूस्थिर कक्षेतील गोज उपग्रह हा झोत सतत मोजतात, आणि आलेखाची उभी पट्टी दहाच्या पटीने चढते: बी, सी, एम, एक्स. ज्वाला भडकली की वरची रेघ काही मिनिटांत सरळ उभी चढते आणि मग तासाभरात उतारावरून घरंगळल्यासारखी खाली येते. एकदा भर दुपारी मी १५ मेगाहर्ट्झच्या आसपास एक दूरचे केंद्र ऐकत होते. आवाज हळूहळू खोल गेला, मग नुसती सळसळ राहिली, आणि मग तीही इतकी कमी झाली की अँटेनाची वायर सुटली असावी असे समजून मी मागे हात घातला. वायर जागेवर होती. आलेख उघडला तेव्हा रेघ एक्सच्या रेषेला टेकलेली दिसली. ज्वालेच्या क्ष-किरणांनी आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, सर्वांत खालचा, साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा डी थर इतका आयनीभूत केला होता की लघुतरंग वर परावर्तित होण्याआधीच त्यात शोषले जात होते. हे केवळ सूर्यप्रकाशित बाजूला घडते, आणि खालच्या कंप्रता सर्वांत शेवटी सावरतात. कोणत्या भागात कोणत्या कंप्रतेपर्यंत शोषण चालू आहे, याचा जगाचा नकाशाही संकेतस्थळावर वेगळा मिळतो, आणि तो माझ्या अनुभवात रेडिओशी चांगला जुळतो.

ज्वालेची आगाऊ सूचना मात्र या सेवेकडून अपेक्षू नये. ज्वालेचा प्रकाश आणि क्ष-किरण पृथ्वीवर एकाच वेळी, सुमारे आठ मिनिटे वीस सेकंदांत पोहोचतात. ती दिसली म्हणजे ती आलीच. म्हणून केंद्र इथे फक्त संभाव्यता देते: आर१-आर२ साठी अमुक टक्के, आर३ किंवा त्याहून मोठ्यासाठी तमुक टक्के. पावसाच्या अंदाजासारखेच हे टक्के वाचावे लागतात. दहा टक्के म्हटल्यावर ज्वाला झाली तर अंदाज चुकला असे म्हणता येत नाही, ही साधी गोष्ट अनेक उत्साही मंडळी विसरतात.

द्रव्यलोटांच्या बाबतीत हातात वेळ असतो, एक ते तीन दिवस, आणि इथे ‘एन्लिल’ नावाचे संगणकीय प्रारूप कामी येते. प्राचीन सुमेरियातील वाऱ्याच्या देवाचे हे नाव आहे, आणि ते ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. सूर्य मध्यभागी, पृथ्वीचा ठिपका एका बाजूला आणि गोगलगाईच्या शंखासारखी फिरत पसरणारी सौरवाऱ्याची आवर्ते, असे हे चलच्चित्र पाहायला देखणे आहे. त्यात द्रव्यलोटाची रंगीत लाट पृथ्वीच्या ठिपक्यावरून जाताना दिसते. अडचण अशी की चित्र जितके देखणे, तितका त्यावर विश्वास जास्त बसतो. प्रत्यक्षात पोहोचण्याच्या वेळेत सरासरी दहा तासांच्या आसपास चूक होते, आणि लाटेच्या पोटात चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे वळलेले आहे की दक्षिणेकडे, हे तर हे चित्र सांगतच नाही. ते एल१ वर पोहोचल्यावरच कळते. चलच्चित्राच्या कडेला वेळेची अनिश्चितता ठळकपणे दाखवणारी एखादी पट्टी असती तर हे पान कितीतरी प्रामाणिक झाले असते. माझी या सेवेबद्दलची सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

प्रारूपाला लागणारी सुरुवातीची माहिती किरीटलेखी दुर्बिणींच्या चित्रांतून येते, आणि ती चित्रेही इथे पाहायला मिळतात. सूर्याची तबकडी झाकून भोवतालचा किरीट, म्हणजे सूर्याचे बाहेरचे वातावरण, टिपणारा सोहो उपग्रहावरचा लास्को हा कॅमेरा डिसेंबर १९९५ पासून अवकाशात आहे. जून २०२४ मध्ये सोडलेल्या गोज-१९ उपग्रहावरही आता असा एक किरीटलेखी बसवलेला आहे. झाकणाभोवती सगळीकडून कडे पसरताना दिसले की द्रव्यलोट आपल्या रेषेत आहे असे समजावे, मात्र तो आपल्याकडे येतो आहे की सूर्याच्या मागच्या बाजूने उलट दिशेला चालला आहे, हे केवळ या चित्रावरून कळत नाही. त्याच वेळची तबकडीची चित्रे पाहून पुढच्या बाजूला स्फोट झाला होता का, ते ताडून पाहावे लागते. प्रोटॉनांचा मारा सुरू झाला की कॅमेऱ्याच्या संवेदकावर कण आदळून चित्रात बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके भरतात. ‘एस’ बिल्ला पिवळा होण्याचे कारण इतक्या थेट रूपात डोळ्यांना दिसणे, हा मला अजूनही नवलाचा भाग वाटतो.

सूचनांचे तीन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक समजून घेणे आवश्यक आहे. ‘वॉच’ म्हणजे एक ते तीन दिवसांत वादळ होण्याची शक्यता, ‘वॉर्निंग’ म्हणजे ते आता दाराशी आले असल्याची खूण, आणि ‘अलर्ट’ म्हणजे ठरलेली पातळी ओलांडली गेल्याची नोंद. मला हा फरक ठेच लागून कळला. या केंद्राचे आकडे उचलून फोनवर सूचना पाठवणारे एक ॲप मी घेतले होते. एका रात्री त्याने लाल अक्षरांत ‘तीव्र वादळ’ असे ओरडून मला उठवले. मी धडपडत रेडिओ लावला, अँटेना नीट केली, आणि पहाटेपर्यंत बीझेडची रेघ शून्याच्या वर निवांत पहुडलेली पाहत बसले. मूळ मजकूर उघडल्यावर दिसले की ते दोन दिवसांनंतरच्या शक्यतेचे ‘वॉच’ होते, आणि ॲपने शक्यता व तारीख दोन्ही गाळून फक्त आकडा ठेवला होता. ते ॲप मी काढून टाकले आहे. मूळ केंद्राची ईमेल सूचनासेवा नोंदणी करून विनामूल्य मिळते. तीत मजकूर कोरडा असला तरी ‘वॉच’ हे ‘वॉच’च राहते.

काही किरकोळ बाबी. सर्व वेळा जागतिक प्रमाणवेळेत आहेत, त्यामुळे मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी करावी लागते. ही गैरसोय योग्यच आहे. डागगटांचे क्रमांक नकाशावर चार आकडी छापतात, पण २००२ मध्येच ही मोजणी दहा हजारांच्या पुढे गेली असल्यामुळे ३६६४ म्हणजे खरे तर १३६६४, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. विषुवदिनांच्या सुमारास काही आठवडे क्ष-किरणांच्या आलेखात रोज ठरावीक वेळी खंड दिसू लागतो. सेवा बंद पडली असे वाटून मी प्रथम चिडले होते, पण त्या काळात गोज उपग्रह रोज थोडा वेळ पृथ्वीच्या सावलीतून जातात, इतकेच त्याचे कारण. एल१ वरच्या उपग्रहांची गोष्ट याहून गंभीर आहे. २०१५ मध्ये सोडलेला डिस्कव्हर उपग्रह २०१९-२० मध्ये कित्येक महिने बंद होता, आणि त्या काळात जबाबदारी १९९७ मधल्या एसीई या म्हाताऱ्या उपग्रहाने पेलली. खास याच कामासाठी बांधलेला नवा उपग्रह सप्टेंबर २०२५ मध्ये झेपावला, हे त्यामुळे फार बरे झाले.

दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाबद्दल न बोललेलेच बरे, असे म्हणून सुटता येणार नाही, कारण त्यातली चूक शिकण्यासारखी आहे. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या पंचविसाव्या सौरचक्राचा (डाग वाढून पुन्हा घटण्याच्या सुमारे अकरा वर्षांच्या फेरीचा) कळस जुलै २०२५ मध्ये येईल आणि त्या वेळी डागांचा सरासरी आकडा ११५ च्या आसपास असेल, असे तज्ज्ञांच्या समितीने सांगितले होते. प्रत्यक्षात कळस ऑक्टोबर २०२४ मध्ये आला आणि आकडा १६० च्या घरात गेला. केंद्राचे वागणे मला आवडले ते असे, की ऑक्टोबर २०२३ मध्येच त्याने १३७ ते १७३ च्या दरम्यान आणि २०२४ मध्येच कळस येईल असा सुधारित अंदाज प्रसिद्ध केला, आणि त्यापुढे तो नियमितपणे अद्ययावत करण्याची पद्धत स्वीकारली.

पर्यायही आहेत. केपीचा अधिकृत आकडा जर्मनीतील पॉट्सडाम येथून, १३ वेधशाळांच्या नोंदींवरून ठरतो, आणि बोल्डरचा आकडा हा त्याचा तातडीचा अंदाज असतो. अभ्यासासाठी नोंद ठेवायची तर पॉट्सडामचाच आकडा घ्यावा. डागांच्या अधिकृत संख्येसाठी ब्रुसेल्सला जावे लागते. पण ताजी मोजमापे, अंदाज आणि त्यामागचा विचार एका ठिकाणी हवा असेल, तर मी अजून तरी बोल्डर सोडलेले नाही.

चक्र आता उताराला लागत असताना एका दुर्लक्षित तक्त्याची किंमत वाढणार आहे. उतारावर मोठ्या ज्वाला विरळ होत जातात, पण किरीटातली विवरे, म्हणजे चुंबकीय क्षेत्र बाहेरच्या बाजूला उघडे असलेले भाग, टिकाऊ होतात, आणि त्यांतून सुटणारा वेगवान वारा सूर्याच्या स्वतःभोवतीच्या फेरीबरोबर, पृथ्वीवरून पाहता सुमारे २७ दिवसांनी, पुन्हा आपल्यावर येतो. केंद्राचा २७ दिवसांचा तक्ता मुख्यतः याच पुनरावृत्तीवर उभा आहे. माझ्या वहीत प्रत्येक वादळाच्या नोंदीखाली २७ दिवसांनंतरची तारीख पेन्सिलने लिहिलेली असते. गेल्या चार फेऱ्यांत एकाच विवराने ती तारीख तीनदा पाळली, आणि चौथ्या वेळी एक दिवस उशीर केला.